गजाननशेठ हुकूम सोडत नाहीत

गजाननशेठ आपल्याच यंत्रमागाच्या कारखान्यात चोरपावलांनी शिरायचे. आत कोणी कामगार बिडी ओढत बसलेला दिसला, तर हात जोडून म्हणायचे, "तुमची मर्जी हां. लूम चालवायचा तर चालवा, न्हायतर ऱ्हाऊ दे."

अहो, मालक असं बोलतो का कुठे? मी कामतघरला खानावळ चालवते, त्यांच्या कारखान्यात डबे माझेच जायचे. आधी हाच माणूस गल्लीभर ऐकू जाईल असा ओरडायचा. पण टॅक्सच्या वकिलाने भीती घातली. कामगार नोकर ठरला तर पीएफ, मागचा दंड, सगळं मानगुटीवर. ठेकेदार ठरला तर बिलातून थोडा टॅक्स कापला की सुटलात. "पण नुसत्या कागदावर भागत नाही शेठ," वकील म्हणाला, "पीएफचा साहेब येऊन बघतो. वेळ कोण ठरवतो, हत्यारं कोणाची, हुकूम कोणाचा."

झालं! शेठनी भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. पाने-पक्कड रामसजीवन मिस्त्रीला देऊन टाकले, "आता तुमचेच." चहा बंद, कारण चहा पाजला की नोकर! हा मिस्त्री लूम दुरुस्त करायचा, शेठच्या पहिल्या लूमपासूनचा. खडखडाटात कान गेलेले. दोघं रोज एका किटलीतला चहा प्यायचे. आता तो टपरीवर एकटा प्यायचा, आणि शेठ आत तोंड कोरडं करून बसायचे.

गल्लीत पांढरी गाडी वळली की शेठ दाराआड. "वहिनी, कोनाची गाडी हाय, बघा ना." मी बघायचे आणि हसायचे. मेली गाडी नेहमी कापड व्यापाऱ्याचीच निघायची.

एका दुपारी मात्र ती साहेबाचीच निघाली. मी डबे घेऊन दारात उभी. लाइट गेलेली, कारखाना चिडीचूप. तेवढ्यात काम उरकावं म्हणून मिस्त्री लूममध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेला.

"हा तुमचा नोकर?" साहेबाने विचारलं.

"न्हाय साहेब, ठेकेदार. त्याची मर्जी, त्याचा येळ."

आणि शेठ बोलता बोलता थांबले. मीही त्यांच्या नजरेमागे पाहिलं. पल्याडच्या भिंतीवर त्या लूमचं बटण चालूच राहिलं होतं. लाइट कधीही आली असती. आणि मिस्त्रीचा हात आतच.

शेठ साहेबाकडे बघत, घाम पुसत म्हणाले, "मिस्त्री... तुमची मर्जी असंल तर... हात जरा..."

मिस्त्रीला कुठलं ऐकू येतंय!

"रामसजीवन! हात निकाल!" शेठ असे ओरडले की माझे डबे हातातून सुटले. "निकाल बोलतोय ना! बाजू हट!"

मिस्त्री दचकून मागे पडला. आणि लाइट आली. लूम खाड्कन सुरू झाला.

शेठ धावले, बटण बंद केलं आणि तिथेच भिंतीला टेकून बसले.

"हुकूम तर तुमचाच चालतो की, शेठ," साहेब सावकाश म्हणाला.

"चालतो साहेब," शेठ म्हणाले. "माजाच मानूस हाय तो. लिवा काय लिवायचं ते."

मग मला म्हणाले, "वहिनी, किटलीभर चहा पाठवा." चहा आला. शेठनी स्वतः पेला भरून मिस्त्रीच्या हातात दिला. तो साहेबाकडे बघत राहिला. "नहीं सेठ," तो कुजबुजला, "आप फँस जाओगे."

"पी," शेठ त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "मालक बोलतोय. पी."