बाग चारला उघडते

रविवारी सकाळी रूपालीने नवऱ्याला सांगूनच टाकलं, "अजी, आज पोरायले घेऊन जा कुठीतरी. मले दुपारभर घर रिकामं पायजे. आन् मोबाइल बिलकुल देऊ नका त्यायच्या हातात."

रजतला हे पटलं. मागच्या रविवारी पोरांना गोंदियाला मॉल दाखवायला नेलं होतं, त्या खर्चाची आठवण अजून ताजी होती. त्यापेक्षा बाग बरी. तिकीट जेमतेम, झाडांची सावली, घसरगुंडी फुकट. पोरांसमोर आदर्श ठेवायचा म्हणून त्याने स्वतःचा मोबाइलसुद्धा स्कूटरच्या डिक्कीत टाकला आणि नजरेसमोर राहावी म्हणून स्कूटर बागेच्या फाटकासमोरच लावली.

आठ वर्षांची दीप्ती आणि पाच वर्षांचा अंकित झोक्यांना कंटाळले, तेव्हा लपाछपी निघाली. राज्य दीप्तीवर आलं.

"शंभरपर्यंत मोज. मराठीत," रजत म्हणाला. पोरं शाळेत हिंदी, गल्लीत हिंदी, आता भांडतातही हिंदीत, याचं त्याला फार वाईट वाटायचं. "हिंदी आकडा निंघाला का पुन्हा एकपासून."

दीप्ती जुन्या वडाच्या मागे जाऊन, बुंध्यावर डोकं टेकून मोजू लागली. रजत अंकितला काखोटीला मारून पंपाच्या खोलीमागच्या मेंदीच्या दाट कुंपणात शिरला.

चौतीसपर्यंत दीप्ती ठीक होती. मग तोंडून 'पैंतीस' निघालं. पोरगी प्रामाणिक, तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. दुसऱ्यांदा एकोणचाळीसला अडली. तिसऱ्यांदा त्रेचाळीसला. कुंपणात रजतच्या पायांना मुंग्या आल्या. त्यातल्या काही खऱ्या मुंग्या होत्या.

तेवढ्यात शिट्टी वाजली. "चलो भाई, टाइम हो गया! निकलो, निकलो!"

अंकित उठू लागला. रजतने त्याला खाली दाबलं. "आपल्याले नाही. चौकीदार कोपऱ्यातल्या जोडप्यायले हाकलून राह्यला."

"जोडपे मतलब?"

"चूप बस. आवाज केला तर पकडल्या जाशीन."

फाटकाचा खडखडाट झाला. तोही रजतने जोडप्यांच्याच खात्यात टाकला. अखेर साठानंतर आकडे गाळत, मोठमोठ्या उड्या मारत दीप्तीने शंभर गाठलं आणि बापाला कुंपणातून ओढून काढलं. तिघं हसत बाहेर आले, तर बागेत चिटपाखरू नव्हतं आणि फाटकाला हे एवढं कुलूप. वेळांची पाटी बाहेरच्या लोकांसाठी होती. आतून तिची फक्त गंजलेली पाठ दिसत होती.

"पप्पा, पूरी बाग अपनी!" अंकित ओरडला आणि घसरगुंडीकडे पळाला. पुढच्याच क्षणी तो किंचाळत परतला. उन्हात घसरगुंडीचा पत्रा भाकरीच्या तव्यासारखा तापला होता.

भिंतीवर काचा होत्या. नळाला पाणी नव्हतं. स्वच्छतागृहालाही कुलूप होतं, हे अंकितला तिकडे जायची घाई झाल्यावर कळलं. तो प्रश्न एका आडोशाच्या झाडाने सोडवला. रजत गजांना धरून उभा राहिला. चार हातांवर स्कूटर उभी होती आणि डिक्कीत फोन वाजत होता. तो थांबला, पुन्हा वाजला. इतक्या जवळून आपलाच फोन ऐकत राहण्याची पाळी वैऱ्यावरही येऊ नये, असं त्याला वाटलं.

भाजीची पिशवी घेऊन एक म्हातारी बाई जात होती. रजतने तिला हाक मारली, "आजी, थांबा जरा! फाटक बंद आहे."

"हौ नं बाप्पा. चारला उघडते. आत्ता काहून आले तुमी?"

"मी येऊन नाही राह्यलो, आजी. मले बाहेर जाचं आहे."

"तेच सांगून राह्यली मी. आत्ता बंद आहे. घरी जा, जेवा, चारला या," असं समजावून म्हातारी निघून गेली.

नंतर मोटारसायकलवरून विवेक आला. तो रजतच्याच ऑफिसात शेजारच्या टेबलावर बसायचा. त्याने गाडी थांबवली, पोट धरून हसला आणि आधी फोटो काढला.

"रजतभाऊ, पार्टटाइम धरली का चौकीदारी?"

"विवेक, हात जोडतो. तो चौकीदार कुठी राह्यते ते पाय. आन् पह्यले तुया फोन दे, रूपालीले सांगतो."

गजांतून फोन आत आला. रूपाली झोपेतून बोलत होती. "कवापासून फोन लावून राह्यली मी! येताना सांबाराची जुडी आणा, कोथिंबीर संपली."

"सांबार गेलं खड्ड्यात! आमी बागेत कुलपात अडकलो. चारपर्यंत."

"पोरं बरे आहेत?"

"हौ."

"कुठी पळून तं नाही जाऊ शकत?"

"कुलूप आहे म्हनलं नं!"

"मंग ठेवा त्यायले तिथीच," म्हणून तिने अगदी समाधानाने फोन ठेवला.

विवेक पत्ता शोधत गेला आणि बऱ्याच वेळाने पाण्याची बाटली आणि समोसे घेऊन परतला. "भेटला. दुलीचंद नाव आहे. पन झोपला आहे. त्याची बायको म्हनते, दुपारी उठवलं तं तो आठ दिवस बोलत नाही. मले तिनं दारातूनच वापस पाठवलं." समोसे गजांतून आत सरकवून विवेक कोणाच्या तरी लग्नाला निघून गेला. जाताना फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकल्याचं त्याने मोठ्या मनाने कबूल केलं.

उन्हं कलली तशी बाहेर माणसं जमू लागली. एक बाई तीन पोरांना घेऊन आली. "भैया, गेट खोलो."

"मैं चौकीदार नहीं हूँ."

"तो अंदर क्या कर रहे हो?"

"मैं भी बंद हूँ," तो म्हणाला. बाईने आपली पोरं जवळ ओढली.

"चौकीदारच आहे," मागून एक गृहस्थ म्हणाले. "पाहा नं, ड्यूटीवर आपले पोरं घेऊन येते. लोक उन्हात उभे अन् हा समोसे खाते!" गर्दीला हे पटलं. कोणी नाव विचारलं, कोणी तक्रार कुठे करायची ते विचारलं. दीप्तीने गजांतून तोंड काढून सगळ्यांना सांगितलं, "मेरे पापा चौकीदार नहीं हैं, वो तो छुपे हुए थे." त्यानंतर गर्दी अजूनच पुढे सरकली.

रजतने फाटकाकडे पाठ केली. भरल्या गावात आपलं म्हणणं समजणारं एकही माणूस नाही, असं त्याला वाटलं.

शेवटी दुलीचंद आला. झोप झाल्याने चेहरा टवटवीत होता. आत माणूस बघून मात्र तो चपापला. "तुमी आत कसे?"

"लपलो होतो."

"कोनापासून?"

"पोरीपासून."

दुलीचंदने एकदा दीप्तीच्या दोन वेण्यांकडे पाहिलं, एकदा रजतकडे. "साहेब, एवढी शिट्टी मारली, आवाज देला. एवढं भेता काय लेकराले?" त्याने कुलूप काढलं आणि गर्दीला हाताने थोपवून धरलं. "पह्यले हे तिघं बाहेर निंघू द्या."

रजत दोघांचे हात धरून बाहेर पडला. मोकळा रस्ता, समोर स्कूटर, घर तिथून किती जवळ! त्याने किल्ली काढली. मागून पोरांचा लोंढा आरडाओरडा करत आत शिरत होता, झोके करकरू लागले होते.

दीप्तीने हात सोडवून घेतला. तिचे डोळे चमकत होते.

"पप्पा, बाग उघडली!" ती म्हणाली. "चला नं आत!"

अंकित तर फाटकाशी पोचलाही होता. दुलीचंदने त्याला अडवलं. "सकाळचं तिकीट आता नाही चालत."

रजतने एकदा स्कूटरकडे पाहिलं. मग किल्ली खिशात टाकली आणि तिकिटाच्या रांगेत, त्या तीन पोरांच्या बाईच्या मागे, मान खाली घालून उभा राहिला. बाईने वळून बघितलं आणि पर्स घट्ट धरली.