मैनेच्या कानातलं मेण

एका जंगलात, मुलांनो, एक रॉक बँड होता. सिंह वगैरे या गोष्टीत नाही. तेव्हा मागे वळून पाहू नका, नीट बसा.

बँडचं नाव ‘खाजकुयली’. तरसताई गायची. सुतारपक्षी ड्रम वाजवायचा. आणि रातकिडा पंखावर पंख घासून असं काही वाजवायचा, की ऐकताना हरणं चरायची थांबत.

या तिघांनी अल्बम करायचं ठरवलं. आता तुम्ही विचाराल, जंगलात अल्बम कसा करतात? सोपं आहे. एका गुहेला आतून शेवाळ लावतात, म्हणजे आवाज घुमत नाही. मध्ये दगडावर मैना बसवतात. बँड वाजवतो, मैना पाठ करते. मग ती इतर शंभर मैनांना पक्कं शिकवते, आणि त्या जंगलभर उडतात.

अडचण एकच. दगडावरच्या मैनेचं डोकं म्हणजे पाटी. तिच्यावर तासाभराचा आवाज मावतो. नवा कानावर पडला की पहिल्यापासून जुन्यावर गिरवला जातो. म्हणून ध्वनिमुद्रण संपलं की तिच्या कानांत मेण भरून ठेवतात.

आठ गाणी झाली. पाचव्या गाण्यात रातकिड्याचा एकट्याचा तुकडा होता. तो त्याने एकेचाळीस वेळा वाजवला. बेचाळिसाव्या वेळी तरसताई म्हणाली, “बास रे, हाच.”

रातकिड्याचं आयुष्य एका मोसमाचं. तो पंख आवरत म्हणाला, “ताई, मी काही प्रकाशनापर्यंत टिकत नाही. बाकी गाण्यांचं काय वाटेल ते करा. माझा तुकडा तेवढा कुणाला कापू देऊ नकोस.”

“माझ्या जिवात जीव आहे तोवर नाही,” तरसताई म्हणाली.

आठवड्याने रातकिडा गेला. आता त्याचं वाजवणं जगात एकाच ठिकाणी उरलं होतं. मेण भरलेल्या दोन कानांच्या मध्ये.

मग तरसताई कावळ्यांच्या दैनिकात गेली. “अल्बम येतोय,” ती म्हणाली.

“पाहुणा कोण?” कावळ्याने विचारलं.

“आठ गाणी आहेत. एक तर...”

“ते असू दे हो. पाहुणा कोण? पाहुणा नाही तर फोटो नाही. फोटो नाही तर बातमी नाही.”

गाणं ऐकून बातमी करणारा एक कावळा पूर्वी तिथे होता. त्याला हवामानाच्या पानावर बसवलं होतं.

म्हणून प्रकाशनाला सांस्कृतिक कार्यमंत्री गवासाहेबांना बोलावणं गेलं. ते ठरल्या वेळेनंतर तीन तासांनी आले, म्हणजे वेळेवरच आले. दीपप्रज्वलन झालं. सत्कार झाले. तरसताईला केळीच्या पानाची शाल मिळाली. सुतारपक्ष्याला नारळ मिळाला, त्याच्या दुप्पट. तो नारळाखाली दिसेनासा झाला.

गवासाहेब भाषणाला उठले, आणि सूत्रसंचालक मोराचं लक्ष मैनेकडे गेलं.

“हे काय?” तो पिसारा आवळत पुटपुटला. “मंत्रिमहोदय बोलणार आणि ही कानात मेण घालून बसणार? शोभतं का ते?”

“अहो, गाणी पुसली जातील!” तरसताई म्हणाली.

“दोन शब्दच बोलणार आहेत साहेब.”

“ताई, ऐकू नको त्याचं,” नारळामागून आवाज आला.

“साहेब उठून गेले तर बघा हं,” मोर म्हणाला.

तरसताईने कावळ्यांकडे पाहिलं. त्यांनी बातमीसाठी चोची उघडून ठेवल्या होत्या. दोन शब्दांनी काय होणार आहे, असं तिने स्वतःला सांगितलं. आणि स्वतःच्या नखाने, मुलांनो, तिने मैनेच्या कानातलं मेण काढलं.

“मी काही संगीतातला जाणकार नाही,” गवासाहेब म्हणाले, आणि तासभर संगीतावर बोलले. आजोबांच्या हंबरण्यावर बोलले. नवीन पाणवठ्याच्या सुशोभीकरणावर बोलले. मध्ये एकदाच थांबून ते करवंटीतून पाणी प्यायले. तेवढा वेळ सगळीकडे चिडीचूप होतं. मंत्री पाणी पीत असताना कोण आवाज करणार?

भाषण संपलं. मोर म्हणाला, “आणि आता, ज्या क्षणाची आपण सारे वाट पाहत होतो!”

मैनेने गळा साफ केला. “मी काही संगीतातला जाणकार नाही...” तिने सुरुवात केली.

कुणीतरी हसलं. मग सगळ्यांनी गवासाहेबांकडे पाहिलं. साहेबांच्या डोळ्यांत पाणी होतं. “रॉक आज पहिल्यांदा समजला मला,” ते म्हणाले. टाळ्यांचा कडकडाट झाला.

एक गंमत मात्र राहून गेली होती. साहेब पाणी प्यायले, तेवढ्या शांततेत पाटीवर काही गिरवलंच गेलं नव्हतं. त्यामुळे ‘सुशोभीकरण’ आणि ‘तसेच’ या दोन शब्दांच्या मध्ये रातकिडा वाजला. पाच-सहा श्वासांपुरता. गर्दीच्या काठावरची हरणं चरायची थांबली.

दुसऱ्या दिवशी दैनिकात पहिल्या पानावर फोटो आला. खाली लिहिलं होतं: “अल्बम आशयघन. मध्यंतरी किंचित खरखर जाणवते. दुसऱ्या आवृत्तीत ती दूर केली जाईल, असे मोर यांनी कळवले आहे.”

तेव्हापासून तरसताई रोज पहिल्या आवृत्तीच्या शंभरातल्या एका मैनेकडे जाते.

“बाई, तेवढं पाणी पितानाचं म्हण ना.”

“सुटं येत नाही ताई. पहिल्यापासून ऐकावं लागेल.”

तरसताई खाली बसते. आजोबांचं हंबरणं ऐकते. पाणवठा ऐकते. ‘सुशोभीकरण’ आलं की कान टवकारते.

शेजारून जाणारे म्हणतात, “केवढी निष्ठा हो साहेबांवर!” परवा तिला सांस्कृतिक समितीवर घेतलं.

तात्पर्य: भाषण करणाऱ्या पाहुण्याला वरचेवर पाणी पाजत जावे. कला जगते ती तेवढ्यावरच.