धोटेकाकांचं अमेरिकेतलं पहिलं मत

“मिस्टर धोटे, तुमची तीन मिनिटं संपली.”

“तुमची संपली असतील. माझी आत्ता सुरू होऊन राहिली!”

मेरीलँडमधल्या आमच्या चिमुकल्या गावाच्या कौन्सिलची ही बैठक. घड्याळ दाखवत होते कौन्सिलर हॅरॉल्ड आणि ओरडत होते माझ्या शेजारचे धोटेकाका. काका बोलतात इंग्रजीच. पण ते इंग्रजी नागपूरच्या इतवारीतून पायी चालत आलेलं असल्यामुळे मी इथे सरळ मराठीतच देतो. काकांना माईक लागत नाही. एकदा अंगणात उभं राहून त्यांनी नागपूरच्या भावाला फोनवर ‘हॅलो’ म्हटलं, तर तळ्यावरची बदकं हिवाळा आला समजून दक्षिणेला निघून गेली. भावाने नंतर सांगितलं, फोन लागायच्या आधीच ऐकू आलं होतं.

काका वीज मंडळातून निवृत्त झाले, पुढे काकू गेल्या, आणि निखिलने, त्यांच्या मुलाने, त्यांना ग्रीन कार्डावर इकडे आणलं. त्यांना गाडी येत नाही. त्यामुळे दर मंगळवारी त्यांना बैठकीला नेण्याचं पुण्यकर्म माझ्याकडे. तिथे ते कोपऱ्यावरच्या बंद दिव्याचा विषय काढतात, बदकांच्या घाणीचा काढतात, दारापुढच्या खड्ड्याचा काढतात. बाकीचे कौन्सिलर खालमानेने फोन बघतात. हॅरॉल्ड मात्र चष्मा लावून प्रत्येक मुद्दा खोडतात. पुढच्या मंगळवारी काका तोच मुद्दा नवा करून आणतात.

“काऊन बे,” गाडीत बसल्याबसल्या सुरू व्हायचं, “कचरा आमचा, खड्डा आमच्या दारात, घराचा टॅक्स आमचा. अन् मताची पाळी आली का आम्ही पाहुणे?”

तसा ठराव खरोखरच आला: गावात राहणाऱ्याला, नागरिक असो वा नसो, गावापुरतं मत. हॅरॉल्ड विरोधात उभे राहिले. “मत हवं तर आधी नागरिक व्हा. माझ्या आजोबांनी पोलंडहून येऊन वाट पाहिली होती.”

“तुमच्या आजोबांच्या टायमाले खड्डे कमी असतील,” काका म्हणाले.

सभागृह हसलं. पाण्याच्या ग्लासाआड हॅरॉल्डही हसले, मी पाहिलं. ठराव काठावर पास झाला.

लगेच निवडणूक लागली. हॅरॉल्ड पुन्हा उभे, आणि समोर मेलिसा नावाची तरुण शिक्षिका, ठरावाच्या बाजूची. काकांनी जाकीट चढवलं. नागपुरात प्रचार जसा होतो तसा इथे सुरू केला: दारोदार जाऊन हात जोडायचे आणि हातावर अक्षता ठेवायच्या. तीन घरांनी ‘आमचं चर्च ठरलेलं आहे’ सांगून दार लावलं. एका आजींनी तांदूळ शिजत घातले आणि काकांना जेवायलाच बसवलं. गावातल्या मराठी मंडळींसाठी आमच्या गॅरेजमध्ये तर्री-पोहे झाले. ती तर्री अशी की एका सोलापूरकराने डोळे पुसत मेलिसाला मत तर कबूल केलंच, वर किडनीही देऊ केली.

“हॅरॉल्डले पाडायचं,” काका प्रत्येक प्लेटबरोबर सांगत होते. “दुसरं काही नाही.”

मतदानाच्या सकाळी त्यांना घ्यायला गेलो. निखिल एका बंद दाराआड मीटिंगमध्ये, सून दुसऱ्या. नात वरून ओरडली, “आजोबा, आय ॲम ऑन अ कॉल.” काका स्वयंपाकघरात, इस्त्रीचा शर्ट घालून, फ्रिजसमोर उभे राहून हळू आवाजात त्या बंद दिव्याचा मुद्दा मांडत होते. हळू आवाजात! मला वाटलं, तब्येत बिघडली.

“कोणाशी बोलताय?”

“प्रॅक्टिस,” ते म्हणाले आणि जोडे घालायला लागले.

केंद्रावर मतपत्रिका घेऊन ते आडोशाला गेले ते येईचनात. माझ्या मागचे चार जण मत देऊन, कॉफी पिऊन, जुने वाद मिटवून घरी गेले. शेवटी काका बाहेर आले आणि शाईसाठी डाव्या हाताचं बोट टेबलावरच्या बाईंपुढे धरलं. बाईंनी घाबरून बँडेड काढलं. मग मी समजावून सांगितल्यावर त्यांनी ‘मी मत दिलं’चा गोल स्टिकर दिला. काकांनी तो शर्टावर लावला नाही. नखावर चिकटवला.

संध्याकाळी त्याच सभागृहात निकाल लागला. हॅरॉल्ड अगदी थोडक्या मतांनी निवडून आले. माझं तोंड कडू झालं. तेवढ्यात स्वतः हॅरॉल्ड आमच्याकडे आले आणि काकांचा हात हातात घेऊन म्हणाले, “मंगळवारी भेटू, मिस्टर धोटे. त्या दिव्याबद्दल माझं उत्तर तयार आहे.”

“चुकीचं असंल,” काका म्हणाले.

गाडीत मी चिडूनच बोललो. “एवढी तर्री वाया गेली, काका. आपल्यातलंच कोणीतरी फुटलं.”

“हो.”

“कोण, माहितीये तुम्हाला?”

त्यांनी नखावरचा स्टिकर अंगठ्याने नीट दाबला.

“मीच. तो पडला असता, तर मंगळवारी मी भांडलो कोणाशी असतो?”