आतला ग्राहक

ग्राहक हा देव आहे, हे सर्वमान्य सत्य आहे. आणि देव ओळखल्यावाचून त्याची सेवा करू नये, हे त्याहून मोठे सत्य. नाहीतर सेवा होते, पण भलत्याच देवाची.

माझ्या मेव्हण्याचे कुलपे दुरुस्त करण्याचे दुकान आहे. पूर्वी तो अगदी अडाणीपणाने धंदा करी. कोणी अडकले की जायचा, दार उघडायचा, परत यायचा. यात ग्राहकाला समजून घेणे कुठेच नव्हते. (समाधान तेवढे होई.) मग त्याने तीन दिवसांचे उद्योजकता शिबिर केले आणि अठ्ठेचाळीस प्रश्नांचा फॉर्म छापला. फॉर्म भरल्याशिवाय पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढायचा नाही, असा नियम. नमुन्यादाखल:

प्र. ३. दार बंद असताना आपल्याला कसे वाटते?
प्र. ४. उघडे असताना?
प्र. ११. आपण स्वतः दार असता, तर आत उघडला असता की बाहेर?
प्र. १९. वरील प्रश्न लागू नसल्यास, का नाही?

पहिल्या महिन्यात एकतीस ग्राहकांपैकी सव्वीस जणांनी फॉर्म पूर्ण भरला. चौघांनी दार स्वतःच फोडले. एकाचे दार बोलता बोलता वाऱ्याने उघडले. ते ‘सेवा पूर्ण’ या सदरात धरले आहे.

अशात एक सून धापा टाकत दुकानात आली. सासरे तासाभरापासून न्हाणीघरात अडकलेले, कडी जाम, अंगभर साबण, आणि नळाचे पाणी गेलेले. मेव्हण्याने पिशवी उचलली, मी फॉर्म उचलला. दारापाशी पोचताच त्याने तिला अदबीने पहिला प्रश्न विचारला.

“दादा, आधी दार उघडा,” सून म्हणाली. “मग माझं शाळेतलं प्रगतिपुस्तकही दाखवते.”

घाईत ग्राहक कोण हेच चुकते, असे मेव्हण्याने तिला समजावले, आणि समजावता समजावता स्वतःच थबकला. बोलावणारी बाहेर, सुटणारा आत. शिबिराच्या तिसऱ्या दिवशीचे वचन त्याला आठवले: सेवा ज्याला पोचते, तोच खरा ग्राहक. तो दाराकडे वळला, किंचित वाकला आणि म्हणाला, “काका, दार बंद असताना आपल्याला कसं वाटतं?”

आत बादली पालथी घालून कोणी बसल्याचे ऐकू आले.

“खरं सांगू का?” आतून आवाज आला.

मग काकांनी सांगितले. गेली नऊ वर्षे त्यांना घरात ‘जेवलात का’ आणि ‘चष्मा कुठे ठेवलात’ हे दोनच प्रश्न विचारले जात होते, त्यामुळे साठा मोठा होता. तरुणपणी ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. चहात साखर कमी असते. चौथ्या प्रश्नाला चाळीस मिनिटे लागली. सून आधी पाय आपटत होती. मग स्टूल ओढून बसली.

“बाबा, हे कधी बोलला नाहीत तुम्ही,” ती म्हणाली.

“कुणी फॉर्म आणला नाही, बाळ.”

अठ्ठेचाळिसावा प्रश्न संपला तेव्हा मेव्हण्याने स्क्रूड्रायव्हर काढला. तोच कडी सरकली आणि काका बाहेर आले. साबण वाळून अंगावर पापुद्रे धरलेले, चेहऱ्यावर समाधान. कडी सातव्या प्रश्नालाच मोकळी झाली होती म्हणे. पण निरूपण रंगात आलेले असताना मधेच उठणे त्यांना बरे वाटले नाही. (जुन्या माणसांचे वळणच वेगळे.)

त्या दिवसापासून धंदा तिपटीने वाढला. नोंदणी आता आतूनच, फोनवर होते. अडकलेल्यांत आजी-आजोबा साठ टक्के, गृहिणी तीस, उरलेल्यांत घरातली कर्ती माणसे. कड्यांत दोष आढळला, शून्य. स्क्रूड्रायव्हर मेव्हण्याने शेजाऱ्याला देऊन टाकला. प्रतीक्षायादी पाच आठवड्यांची आहे.

वाचकहो, आपल्याला हसू आले असेल, आनंद आहे. फक्त यादीत आपल्या घरचा पत्ता आहे. नोंद गेल्या मंगळवारची. आत कोण आहे ते गोपनीयतेच्या नियमामुळे सांगता येत नाही. घरातली माणसे एकदा मोजून पाहावीत.