सक्षम प्राधिकारी आत आहेत

अविश्वास ठरावाच्या सभेला जाण्याआधी तोंडावर पाणी मारावं म्हणून पालिकेचे अध्यक्ष केबिनला लागून असलेल्या स्वच्छतागृहात गेले. निघताना दाराची मूठ त्यांच्या हातात आली. दार मात्र जागचं हललं नाही.

"अहो हेडक्लार्क! मूठ निघाली. बाहेरून उघडा!"

हेडक्लार्क धावत आले. बाहेरच्या मुठीकडे त्यांनी हात नेला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"साहेब, मूठ निघाली म्हणजे दार नादुरुस्त झालं. नादुरुस्त वस्तूला सक्षम प्राधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय कोणी हात लावायचा नाही. आपलाच आदेश. पंख्याला हात लावला म्हणून वायरमनला घरी बसवलंत."

"हा सक्षम प्राधिकारी कोण?"

"आपणच."

"मग दिली परवानगी!"

"स्वतःच्या प्रकरणात देता येत नाही, साहेब. एरवी काही हरकत नव्हती."

आत नळ ठिबकत राहिला. सभेत मतं समसमान पडणार होती. अध्यक्षांची खुर्ची त्यांच्या स्वतःच्या एका मतावर उभी होती, आणि ते मत या क्षणी बेसिनपाशी होतं.

"मग उपाध्यक्षांना सांगा!"

"त्यांना अधिकार आपण अनुपस्थित असाल तरच."

"अहो, मी कुठे उपस्थित आहे?"

"बोलताय ना, साहेब. तसं स्पष्ट जाहीर केलंत तर..."

"मी अनुपस्थित आहे!" अध्यक्ष गरजले. इतका खणखणीत आवाज त्यांचा प्रचारातही लागला नव्हता.

उपाध्यक्ष आले. ठराव त्यांनीच आणला होता. ते अध्यक्षांच्या खुर्चीत बसले, एक गिरकी घेतली आणि अध्यक्षांसाठी आलेला चहा प्यायले.

"सक्षम प्राधिकारी! काय भारदस्त शब्द आहे हो. नुसता उच्चारला तरी पाठ ताठ होते."

"अरे भाऊ, उघड की!" आतून आवाज आला.

"दादा, विषय गंभीर आहे. अभ्यास करून कळवतो."

"कधी?"

"सभा झाली की लगेच."

आनंदाच्या भरात उपाध्यक्षांनी आणखी दोन कप मागवले. मग ते खुर्चीत चुळबुळू लागले. खालच्या मजल्यावरच्या स्वच्छतागृहाला कुलूप होतं. तेही नादुरुस्तच होतं. तिसऱ्या कपानंतर त्यांचा अभ्यास एकदम पूर्ण झाला.

"दिली परवानगी! सरका!"

त्यांनी स्वतःच मूठ फिरवली. अध्यक्ष बाणासारखे बाहेर आले, उपाध्यक्ष तसेच आत गेले आणि स्प्रिंगचं दार धाडकन लागलं.

"मी उपस्थित आहे," शर्टाच्या बाह्या नीट करत अध्यक्ष म्हणाले.

"अभिनंदन, साहेब," हेडक्लार्क म्हणाले.

थोड्या वेळाने आतून घाबरा आवाज आला. "अहो, आतली मूठ कुठाय?"

हेडक्लार्कांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले. "साहेब, उघडू का? आता परवानगी आपलीच."

अध्यक्षांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. ओली मूठ रुमालाने पुसून खिशात टाकली.

"विषय गंभीर आहे," ते सभागृहाकडे निघत म्हणाले. "अभ्यास करून कळवतो."