अर्धा आत, अर्धा बाहेर

पियानो शाळेच्या दारात अडकला तेव्हा गुरुजी आतल्या बाजूला होते. खेड्यांतल्या शाळा आणि कला दोन्ही टिकाव्यात म्हणून मदत करणाऱ्या एका संस्थेने तो धाडला होता. गडी बाहेरून ढकलत होते, गुरुजी आतून ओढत होते आणि मध्येच तो असा रुतला की मागेही हटेना, पुढेही सरेना. खालचे सूर वर्गात राहिले, वरचे व्हरांड्यात.

मुलं पियानोवर चढून टुणकन बाहेर उड्या मारून पसार झाली. गुरुजींचं पोट मात्र त्या फटीला कबूल होईना. खिडक्यांना गज होते.

सुताराने चौकट ठोकून पाहिली. ती काढली तर वरची भिंत गुरुजींच्या टाळक्यात बसेल, असं त्याचं मत पडलं.

"त्यापेक्षा ही पेटीच मधून कापू का?" त्याने करवत काढत विचारलं.

गुरुजींनी त्याला आधी घरी पिटाळलं. संस्थेच्या बाई आजच पाहणीला येणार होत्या. पियानो वाजता दिसला, तरच शाळेला वाचनालय मिळणार होतं आणि त्या वाचनालयासाठी गुरुजी कधीचे देव पाण्यात घालून बसले होते.

तेवढ्यात रस्त्यावर मोटार दिसली. गडी केव्हाच पांगले होते, व्हरांड्यात उरली होती फक्त गुरुजींची बायको, तीही आरडाओरडा ऐकून बघायला आलेली. गुरुजींनी तिला वरच्या सुरांपाशी बसवलं आणि आपल्यामागून हळूहळू वाजवायला सांगितलं. पण गुरुजींनी एक पट्टी दाबली की ती ढीगभर दाबायची. गुरुजींनी आतून दटावलं. मग तिने बाहेरून लग्नापासूनचं एकेक उकरून काढलं आणि दर मुद्द्याला पियानोवर पंजा आपटला. गुरुजीही इरेला पेटले. आतून धडाम, बाहेरून खणखण.

बाई कधी येऊन उभ्या राहिल्या, दोघांनाही कळलं नाही. त्यांचे डोळे पाणावले होते.

"ही इथलीच कला का?"

खरं काय ते गुरुजींच्या अगदी ओठांवर आलं, पण डोळ्यांपुढे पुस्तकांची कपाटं उभी राहिली आणि त्यांची दातखीळ बसली. बायको घाम पुसत म्हणाली, "इथलीच. आमच्याकडे रोजच असतं."

"शिकलात कुठे?"

"शिकायचं काय त्यात? लग्न झालं की येतंच."

बाईंनी वाचनालय तिथल्या तिथे मंजूर केलं. अट एकच, पियानो दारातून तसूभरही हलवायचा नाही. सुताराने एका खिडकीचे गज कापून गुरुजींना बाहेर काढलं आणि तेव्हापासून सगळी शाळा खिडकीतूनच ये-जा करू लागली.

पुढे पलीकडच्या गावच्या शाळेलाही पियानो मिळाला. तिथलं दार चांगलं ऐसपैस. तिथल्या मास्तरांनी गवंडी लावून ते अरुंद करून घेतलं, पियानो नीट अडकवला आणि मग ते पडेल चेहऱ्याने गुरुजींकडे आले.

"आता काय अडलंय?" गुरुजींनी विचारलं.

मास्तर लाजले. "माझं लग्न व्हायचंय अजून. तुमच्या पाहण्यात कुणी आहे का? जरा भांडखोर असली तर बरं."