एसीच्या पाण्यावरचा अनंत

मे महिन्यात दुपारी अडीचला आमची बेल वाजली, की दारात ढोबळेकाका असणार आणि त्यांचा पहिला प्रश्न असणार, "काहून गा जोशी, एसी काहून बंद केला?"

मनीषनगरात आमचं आणि त्यांचं घर भिंतीला भिंत लागून आहे. माझ्या एसीची पाण्याची नळी त्यांच्या अंगणात उतरते आणि तिच्या तोंडाशी काकांनी सुतळीने एक प्लास्टिकची बाटली बांधलेली आहे. एसी माझा, खोली माझी, सर्दीही माझीच. पण तो कधी चालवायचा हे ठरवणार काका. एकदा मला ताप होता म्हणून मी तो बंद ठेवला. काकांनी दारातच माझ्या कपाळाला हात लावला, "आहे गा ताप" असं मान्य केलं आणि म्हणाले, "मंग तू बाहेरच्या खोलीत झोप न. तो चालू राहू दे."

हे पाणी त्यांना अनंताच्या कुंडीसाठी लागतं. कॉलनीतल्या आणखी आठ-दहा घरांच्या नळ्यांना अशाच बाटल्या लटकत असतात. नागपूरच्या कोरड्या उन्हात एसी थेंब थेंबच गाळतो, त्यामुळे दिवसभरात बाटलीचं बूड भरलं तरी काका खूश असतात.

काका पाटबंधाऱ्याच्या नोकरीत होते. पारशिवनीकडच्या कालव्यावर कोणत्या शेताला कोणत्या दिवशी पाणी सोडायचं, हे पाहण्यात त्यांची उभी हयात गेली. ते निवृत्त झाले, कालवा सुटला, पण पाण्याची पाळी काही सुटली नाही. त्यांच्या जाळीच्या दाराला एक शाळेची पाटी टांगलेली असते. तिच्यावर खडूने लिहिलेलं असतं, 'कढीपत्ता सोम-गुरु. जास्वंद रोज सकाळी. मोगरा शुक्र.' एखादं झाड दुपारी मान टाकून उभं असलं आणि आपण हळहळलो, की काका म्हणतात, "नाटकं करून राहिला तो. पाळीशिवाय पाणी नाही."

मोगरा आणि अनंत, दोन्हीची फुलं पांढरी, दोन्ही वासाची. त्यामुळे दोघांची निगा सारखीच असेल असं माझ्यासारख्या अडाण्याला वाटतं. हे मी एकदा बोलून गेलो आणि माझी संध्याकाळ गेली.

"मोगरा गडी माणूस आहे," काकांनी सुरू केलं. "त्याले ऊन दे, किती बी दे. थंडीत त्याचं पाणी तोड, पानं ओरबाड, फांद्या छाट, मुळं उघडी पाड. पंधरा दिवस ताण देल्ला, का मंग खत टाक अन् पाणी सोड. पाह्य कसा फुलते. संत्र्याच्या बगिच्याले आमी असाच ताण देतो."

"आणि अनंत?"

"त्याले सकाळचं ऊन पाह्यजे, दुपारचं नाही. माती आंबट पाह्यजे. बोअरचं खारं पाणी देल्लं का पान पिवळं, म्हणून एसीचं. कोरडा ठेवला का कळी खाली. चिखल केला तरी कळी खाली. कुंडी हालवली तरी कळी खाली."

"मग काका, एवढा छळ करून घ्यायला तो लावला कशाला?"

काका उठून बाटलीत किती साचलंय ते बघायला गेले.

मोगऱ्याच्या ताणाचं मात्र ते फार कडक. एका जानेवारीत तो ओरबाडलेला मोगरा पाहून माझ्या बायकोचा जीव कळवळला आणि तिने भिंतीवरून तांब्याभर पाणी ओतलं. ओली माती काकांना दिसली. मग कालव्यावर पाणीचोरी पकडावी तसा पंचनामा झाला. तांब्या कोणता, किती भरलेला, किती वाजता. त्या उन्हाळ्यात मोगऱ्याला नुसती पानंच आली, आणि तो गुन्हा माझ्या बायकोच्या नावावर अजून आहे.

अनंताचं नाव त्या पाटीवर कधीच नव्हतं. जागा पुरली नसेल असं मला वाटायचं. सहा वर्षं ती कुंडी तिथे होती आणि सहा वर्षांत तिला एकही फूल आलेलं नव्हतं.

यंदा मे महिन्यात तिला एक कळी आली. त्याच आठवड्यात काकू भिंतीशी येऊन हळूच म्हणाल्या, "प्रशांत येऊन राहिला. आईतवारी. ऑफिसचं काम आहे म्हणे, संध्याकाळी विमान आहे. तासभर घरी येते." प्रशांत हा त्यांचा मुलगा. तो पुण्याला असतो एवढंच मला माहीत होतं. सात वर्षांच्या शेजारात मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून काका ठिकाणावर नव्हते. कळीवर छत्री बांधली, कुंडीला ओलं पोतं गुंडाळलं. मी ऑफिसला निघालो की फाटकाशी अडवायचे. "आईतवारपर्यंत टिकते का गा?" हे ते मला विचारत होते, ज्याच्या घरी मनीप्लँटसुद्धा जगला नाही.

आणि गुरुवारी भर दुपारी कॉलनीचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

एसी बंद, पाणी गाळायची यंत्रं बंद. काका सगळ्या बाटल्या फिरून आले तेव्हा हातात जेमतेम वाटीभर पाणी होतं. मी दुकानातून पाण्याचा जार आणला. काकांनी वास घेतला आणि बाजूला सारला. "याच्यात काय टाकते कोणाले माहीत. एकच कळी आहे गा." त्यांचा आवाज चिरकला होता. मी मनातून वैतागलो होतो. म्हातारा एका कळीसाठी एवढा का घाबरतो, हे मला कळत नव्हतं.

ते संध्याकाळी काकूंनी सांगितलं. पायरीवर बसून त्या पुठ्ठ्याने वारा घेत होत्या.

"प्रशांत बारावीत नापास झाला न, तवा हे त्याच्याशी वर्षभर बोलले नाही. जेवाले बाजूले बसत, पण एक शब्द नाही. पोरीले, सुषमीले बी असंच केलं होतं एकदा. ते पेटली, शिकली, आता कळमेश्वरले मास्तरीण आहे. हे म्हणे, पोरीले लागू पडलं, पोट्ट्याले बी पडन. तो गपच होत गेला. मंग गेला पुण्याले, तो गेलाच." पुठ्ठा थांबला. "अनंत त्याचाच होता जोशीभाऊ. शाळेत होता तवा कालव्याच्या बंगल्यावरच्या माळ्याकडून काडी आणली होती त्यानं. ह्यांनी मोगऱ्यासंगं त्याले बी ताण देल्ला. मेला तो. हा दुसरा आहे."

मला स्वतःची लाज वाटली. ज्याला मी इतकी वर्षं खूळ म्हणून चारचौघांत रंगवून सांगत होतो, तो त्या माणसाचा पश्चात्ताप होता.

शुक्रवारी मी डब्याबरोबर दोन रिकाम्या बाटल्या ऑफिसला नेल्या. साहेबांच्या केबिनचा एसी दिवसभर चालू असतो. जेवणाच्या सुट्टीत मी मागच्या बोळात, रणरणत्या उन्हात, त्याच्या नळीखाली बाटली धरून उभा राहिलो. साहेबांनी खिडकीतून पाहिलं.

"जोशी, काय करून राहिले?"

"झाडासाठी आहे साहेब."

"तुमच्या?"

"शेजाऱ्यांच्या."

त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं, तसं मी ढोबळेकाकांकडे कित्येकदा पाहिलेलं आहे.

बाटली तिथेच बांधून ठेवली आणि संध्याकाळी अर्धी भरलेली घरी आणली. काकांनी ती दोन्ही हातांनी घेतली आणि शनिवारभर वाटीवाटीने पुरवली. शनिवारी संध्याकाळी वीज आली. रविवारी सकाळी कळी अर्धी उमलली होती.

दुपारी चारला प्रशांत आला. काकांनी मलाही बोलावून घेतलं होतं, "तू बी बस गा." एकट्याने त्याच्यासमोर बसायची त्यांची हिंमत नव्हती.

आम्ही बसलो. काकांनी विचारलं, "विमान किती वाजता?" प्रशांतने सांगितलं. चहा आला. थोड्या वेळाने काकांनी पुन्हा विचारलं, "विमान किती वाजताचं म्हणला?" त्याने पुन्हा सांगितलं. काकूंनी त्याच्या बशीत चार वेळा चिवडा वाढला. माझ्या चहावर साय आली तरी मला घोट घेववेना. तिसऱ्यांदा विमानाची वेळ विचारून झाली आणि प्रशांत उठला. गाडी आली होती.

काका त्याच्यामागून फाटकापर्यंत गेले, त्यांच्यामागे मी. मला वाटलं, संपलं.

फाटकाशेजारच्या कोपऱ्यापाशी प्रशांत थबकला. वास तिथे दाटून राहिला होता.

"अनंत?"

"हाव."

"इथं जगला?"

काकांनी फाटक घट्ट धरलं होतं. "याले ताण चालत नाही," ते म्हणाले. "मले लय उशिरा समजलं, बेटा."

प्रशांत कुंडीकडे वळला. खाली बसून त्याने कुंडीतली माती बोटाने चाचपली. मग जाळीच्या दारावरची पाटी वाचली, वरपासून खालपर्यंत.

"याचं नाव नाही पाटीवर. याच्या पाण्याची पाळी कधी असते?"

"याले पाळी नाही," काका म्हणाले. "हा मांगन तेव्हा देतो."

बाहेर गाडीवाल्याने हॉर्न दिला. प्रशांतने तिकडे पाहिलंही नाही. त्याने माझ्या एसीच्या नळीची बाटली सुतळीतून सोडवली, तळाशी होतं तेवढं पाणी सावकाश कुंडीत ओतलं आणि बाटली होती तशी परत बांधली. गाठ बसली का ते ओढून पाहिलं. मग माझ्याकडे वळला.

"काका, तुमचा एसी दुपारी चालू असते न?"

ढोबळेकाका माझ्याकडे बघत होते.

"असतो," मी म्हणालो. "ताप आला तरी असतो."